ऐतिहासिक वास्तूंचे निवासी पुनर्योजन : अलिबाग परिसर

मूळ प्रयोजन संपलेल्या जुन्या वास्तूचा सांगाडा शक्य तितका कायम राखून तीत माणसांच्या राहण्याची सोय करणे, यास निवासी पुनर्योजन म्हणता येईल. नगराच्या वाढीत नवे बांधकाम, जुन्याची दुरुस्ती, जुन्याचा नव्या कामासाठी उपयोग आणि जुने पाडून त्याच्या सामानाचा वापर, असे चार मार्ग नेहमीच उपलब्ध असतात. यांपैकी कोणता मार्ग केव्हा व का निवडला गेला, यावर त्या नगराचे आजचे रूप अवलंबून असते. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा जिल्हा) मुख्य ठिकाण असलेल्या अलिबागेत व तिच्या परिसरात हे चारही मार्ग थोड्याशा भूप्रदेशात शेजारी शेजारी आढळतात. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासास हे गाव विशेष उपयुक्त आहे.

वसतीचा उगम : अलिबाग हे मुंबईच्या दक्षिणेस, सागरी मार्गाने सु. ३० किमी. अंतरावर वसले आहे. अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदून नारळ व आंब्यांच्या बागा लावल्या, म्हणून ‘अलीची बाग’ हे नाव पडले, अशी परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. हा अली मुसलमान होता, असे एक मत असून तो बेने इस्रायल समाजातील एली होता, असे दुसरे मत आहे. मूळची जुनी वस्ती रामनाथ या भागात होती. समुद्रातील खडकावर शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये कुलाबा किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला व संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांनी हा किल्ला आपले मुख्य ठाणे केले. किल्ल्यातील सैनिक, खलाशी, कारागीर व व्यापारी यांच्या गरजांतून समोरच्या किनाऱ्यावरील गाव वाढत गेले. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी जाता येत असल्याने किल्ला व गाव ही एकाच नगराची दोन अंगे होती. सत्ता व खजिना पाण्यातील तटाआड, तर बाजार, आळ्या व बागा किनाऱ्यावर, अशी या नगराची घडण होती.

कुलाबा किल्ल्यातील वाडे : किल्ल्याची उत्तर-दक्षिण लांबी सु. २७० मी. व रुंदी सु. १०० मी. असून तटास सतरा बुरूज आहेत. तटाचे प्रचंड चिरे चुन्याविना एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरून तिचा जोर मोडतो, त्यामुळे तीन शतकांहून अधिक काळ समुद्राचा मारा सोसूनही तट मोठ्या प्रमाणावर शाबूत राहिला आहे. तटाच्या आत आंग्रे घराण्याचे वाडे, कोठारे, पागा, देवळे आणि गोड्या पाण्याची पुष्करणी होती. वाड्यांची जोती दगडी, परंतु वरचे मजले, खांब, तुळया व पाटण सागवानी लाकडाचे, अशी बांधणी असे. १७८७ मध्ये लागलेल्या आगीत आंग्र्यांचा मोठा वाडा नष्ट झाला. तरीही अन्य वाडे पुढे बराच काळ उभे होते.

दुसरे रघूजी आंग्रे १८३८ मध्ये मरण पावले व त्यांच्या मागे जन्मलेला मुलगाही अल्पावधीतच वारला. औरस वारस नाही या कारणावरून इंग्रजांनी १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा केले. आरमार संपले, दरबार मोडला आणि किल्ल्यातील वाडे एकाएकी निरुपयोगी ठरले. १८४२ मध्ये या वाड्यांचे लाकूड सामान लिलावात विकण्यात आले व दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी वापरण्यात आला. सागवानी तुळया ही त्या काळी मोठी किंमत येणारी वस्तू होती. वाडा उभा ठेवण्यास खर्च लागे. मोडल्यास मात्र पैसा मिळे. हाच हिशेब निर्णायक ठरला. आज या वाड्यांची केवळ जोती व भिंतींचे अवशेष दिसतात.

याच तटात पहिले रघूजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपती पंचायतन मात्र सुस्थितीत आहे. देवळातील पूजाअर्चा कधी खंडित झाली नाही, भाविकांची ये-जा सुरू राहिली, गळके छप्पर व निखळलेला दगड वेळच्या वेळी पाहिला गेला. जवळच्या पुष्करणीसही तीच गोष्ट लागू पडते. एकाच तटात, एकाच हवेत व एकाच राजवटीत उभ्या असलेल्या वास्तूंपैकी वापरातील वास्तू टिकल्या व वापर सुटलेल्या नाहीशा झाल्या, हा कुलाबा किल्ल्याचा सर्वांत स्पष्ट धडा होय.

हिराकोट : कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये अलिबाग गावात हिराकोट हा लहानसा भुईकोट बांधला. काळ्या पाषाणाच्या मोठ्या चिऱ्यांचे उंच तट व अरुंद प्रवेशमार्ग ही त्याची वैशिष्ट्ये. गावाचे व किनाऱ्याचे संरक्षण हे त्याचे मूळ प्रयोजन होते. संस्थान खालसा झाल्यावर ते संपले; परंतु या कोटाच्या वाट्यास वाड्यांसारखे भवितव्य आले नाही. इंग्रजी अमलात त्याचा उपयोग सरकारी खजिना व तुरुंग यांसाठी करण्यात आला आणि पुढे तेथेच जिल्हा कारागृह राहिले. ठाणे येथील किल्ल्याचेही असेच कारागृहात रूपांतर झाले आहे.

शत्रू आत येऊ नये म्हणून बांधलेला तट, बंदी बाहेर जाऊ नये यासाठीही तितकाच उपयोगी पडतो. उंच भिंती, मोजके दरवाजे व पहाऱ्याच्या जागा आयत्याच मिळाल्यामुळे नव्या प्रयोजनासाठी मूळ रचनेत फारशी मोडतोड करावी लागली नाही. रूढ अर्थाने यास निवास म्हणणे काहीसे विपरीत वाटेल. तथापि रोज माणसे राहतात, स्वयंपाक होतो, पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था लागते, म्हणून दुरुस्तीही होत राहते, या दृष्टीने ते निवासी पुनर्योजनच आहे. त्याची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. तट टिकला, पण कारागृहाच्या शिस्तीमुळे सामान्य नागरिकास तो आतून पाहता येईनासा झाला. वास्तू जतन होणे आणि ती समाजाच्या परिचयाची राहणे या दोन निराळ्या गोष्टी असून पहिलीमुळे दुसरी आपोआप साधत नाही.

तटातील गावे : अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेले रेवदंडा हे पोर्तुगीज तटबंदीच्या आत वसलेले गाव आहे. चौलच्या प्राचीन बंदरालगत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात वखार व कोट उभारला आणि त्याभोवती क्रमाने तटबंद शहर वाढवले. १७४० च्या तहाने ते मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले तरी जागा ओस पडली नाही. चर्च व मठ मोडकळीस आले, परंतु तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या उठल्या व त्यांच्या आधाराने घरे झाली. आजही रस्ता तटाच्या वेशीतून गावात शिरतो आणि जुना मनोरा माडांच्या वर डोके काढून उभा दिसतो. येथे वैयक्तिक वास्तूंचे पुनर्योजन झालेले नाही. शहराचा सांगाडाच, म्हणजे तट, वेशी व रस्ते, नव्या वसतीने आपलासा केला आहे.

याउलट उदाहरण मुरुड-जंजिऱ्याचे आहे. सिद्दींच्या या जलदुर्गात नांदती वस्ती होती. किनाऱ्यावरील मुरुड गावात बाजार, शाळा व रोजगार यांची सोय वाढत गेली, तसतशी कुटुंबे तिकडे जाऊ लागली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ला निर्मनुष्य झाला. माणसे उठून गेल्यावर घरांची छपरे कोसळली व आत झाडोरा माजला. तट अभेद्य राहिला, घरे मात्र राहिली नाहीत. समुद्राने वेढलेल्या वास्तूत निवास टिकवायचा, तर पाणी, होडी व शाळा यांची तजवीज दगडमातीच्या दुरुस्तीइतकीच महत्त्वाची ठरते.

आळीतील घरे : अलिबागेतील व आसपासच्या आक्षी, नागाव, चौल, किहीम इ. गावांतील जुनी घरे कोकणच्या उत्तर किनाऱ्यावरील गृहरचनेचा नमुना होत. काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर दगड-विटांच्या किंवा मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतींपासून बरेच पुढे आलेले वळचणीचे वासे, अशी त्यांची सर्वसाधारण बांधणी असते. पुढे ओटी व पडवी, मध्ये माजघर, बाजूस स्वयंपाकघर व देवघर, वर माळा आणि मागे परसू, विहीर व वाडी असा आतील क्रम असतो. मूळची नळीची कौले होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर त्यांची जागा मंगलोरी कौलांनी घेतली. जोराचा पाऊस, खारा वारा व दमट उष्मा या तिन्हींना तोंड देण्यासाठी ही रचना अनुभवातून सिद्ध झालेली होती.

अलिबागेतील इस्रायल आळी हा या वसतीचा एक उल्लेखनीय भाग होय. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या व मराठी ही मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजाची वस्ती येथे होती. येथील ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झाले व १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. आळीचे नाव व प्रार्थनामंदिर मात्र राहिले. या स्थित्यंतरात वास्तूंपेक्षा वास्तूंशी जोडलेली स्मृती आधी विरळ होते. घर नव्या मालकास उपयोगी पडते. पण त्याच्या चौकटीवरील मझूझाची खूण कशाची, हे सांगणारे कोणी राहत नाही.

मूळ प्रयोजन कायम राहिल्यामुळे टिकलेल्या वास्तूचे उदाहरण म्हणून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा उल्लेख करावा लागेल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्याने कुलाबा येथील वेधशाळेतील चुंबकीय वेधांत व्यत्यय येणार होता. म्हणून नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला. स्थानिक काळा पाषाण लोहयुक्त असल्याने येथे वर्ज्य होता. गावातील सर्व जुन्या बांधकामाचा आधार असलेला दगड या एका वास्तूत कटाक्षाने टाळावा लागला, ही लक्षणीय बाब होय.

भाडे, वाटण्या व कायदे : जुन्या घरांच्या नाशास हवामानापेक्षा मालकी हक्काची गुंतागुंत अधिक कारणीभूत झाली आहे. एकत्र कुटुंबाचे घर दोन-तीन पिढ्यांत अनेक हिस्सेदारांत वाटले जाते. माजघरात आडव्या भिंती पडतात, प्रत्येक हिश्शात वेगळी चूल येते. पण समाईक छपराच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या हिस्सेदारांची संमती मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते. परिणामी दुरुस्ती टळते, आढे वाकते व अखेरीस जागा मोकळी करून विकणे हाच सर्वांना मान्य होणारा एकमेव मार्ग उरतो.

भाड्याने दिलेल्या वास्तूंची कथा पुण्याच्या वाड्यांवरून स्पष्ट होते. पेशवाईनंतर तेथील अनेक वाड्यांत खोल्या पाडून भाडेकरू ठेवण्यात आले. वास्तविक हे निवासी पुनर्योजनच होते व त्यामुळेच कित्येक वाडे दीडशे वर्षे टिकले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने १९४० चे भाडे प्रमाण धरले. त्यामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु दुरुस्तीपुरतेही उत्पन्न मालकाच्या हाती राहिले नाही. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे बरेच वाडे पडले आणि सदनिकांच्या मालकीस कायद्याने निश्चित रूप आल्यानंतर (१९६३ व १९७०) उरलेल्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या अधिनियमाने स्वतंत्र मंडळ स्थापण्यात आले. लहान नगरांत अशी व्यवस्था नसल्याने तेथील जुनी घरे मालकाच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून राहिली. अलिबागेस नगरपालिका १८६४ पासून असली, तरी खाजगी घरांचे जतन हा अशा संस्थेच्या कामाचा भाग कधीच नव्हता.

प्राचीन वास्तूंचे संरक्षण करणारा केंद्रीय अधिनियम १९५८ चा असून २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून १०० मी. पर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मी. पर्यंत नियमन लागू झाले. कुलाबा किल्ला केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली आहे. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राची बंधने आली. या नियमांचा भर काय करू नये यावर आहे. नांदत्या जुन्या घराची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यास त्यांतून साहाय्य क्वचितच मिळते.

अन्य देशांतील उदाहरणे : जुन्या वास्तूंत वसती होणे ही नवी कल्पना नाही. क्रोएशियातील स्प्लिट येथे रोमन सम्राट डायोक्लीशन याने इ. स. ३०० च्या सुमारास बांधलेल्या राजप्रासादात सातव्या शतकात निर्वासितांनी आश्रय घेतला. त्या प्रासादाचेच पुढे शहर बनले आणि त्यात आजतागायत लोक राहतात. फ्रान्समधील आर्ल येथील रोमन रंगमंडलातही मध्ययुगापासून घरे होती. एकोणिसाव्या शतकात ती हटवून मूळ वास्तू मोकळी करण्यात आली. अलीकडच्या काळात व्हिएन्ना येथील चार प्रचंड वायुटाक्यांचे (बांधकाम १८९६–९९) बाह्य विटकाम कायम ठेवून १९९९–२००१ मध्ये त्यांत सदनिका करण्यात आल्या. १९६४ च्या व्हेनिस संहितेने समाजोपयोगी वापर हा जतनास पोषक असल्याचे मान्य केले. मात्र वास्तूची मांडणी व अलंकरण बदलता कामा नये, अशी मर्यादाही घातली. स्प्लिट व आर्ल या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे : एका ठिकाणी वसती हीच वारसा मानली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी वारशासाठी वसती दूर करण्यात आली.

दुरुस्तीचे तंत्र : किनाऱ्यावरील जुन्या घराचे पुनर्योजन करताना सामग्रीची परस्परअनुकूलता हा मुख्य प्रश्न असतो. चुन्यातील जुनी भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि ती पृष्ठभागातून हवेत सोडते. अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आतच कोंडते. पाण्यातील क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे वाढतात, दगड-विटांचा पृष्ठभाग भुगा होऊन गळू लागतो व तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजतात. म्हणून सांधे व गिलावा चुन्याचाच असणे श्रेयस्कर असते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. गंजलेले लोखंड फुगून भोवतालचा दगड वा काँक्रीट फोडते. त्यामुळे जुन्या जोत्यावर सळ्यांचे काँक्रीट चढवून मजला वाढवणे दोन्ही अंगांनी धोक्याचे ठरते.

दुसरा प्रश्न आधुनिक सोयींचा. जुन्या घरात न्हाणीघर व शौचकूप मागील परसात असत. ते घरात घेताना पाण्याच्या नळ्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत न गाडता उघड्या ठेवणे, ओल्या खोल्या मूळ सांगाड्यास न टेकवता मागील पडवीच्या बाजूस घेणे व माळ्यावर अवजड टाक्या न चढवणे हे नियम पाळावे लागतात. सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक दुरुस्ती छपराची असते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणे, फुटकी बदलणे व पन्हळी साफ करणे एवढ्यानेच घराचे आयुष्य अनेक दशकांनी वाढते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस ताशी सु. ११० किमी. वेगाने किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हजारो घरांची कौले व पत्रे उडाले. छपराचे सांगाडे पुन्हा उभे करण्यास लागणारे सागवान व कसबी सुतार दुर्मिळ झाल्याने पुष्कळांनी कौलांऐवजी पत्रे घातले. एका दिवसातील आपत्तीने गृहरचनेतील बदलास अशी गती दिली.

सद्यःस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार अलिबाग शहराची लोकसंख्या सु. वीस हजार होती. तथापि येथील जमिनीची मागणी या आकड्यावरून कळत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईतील धनिकांनी मांडवा, आवास, किहीम, सासवणे इ. गावांत सुटीची घरे बांधली. मांडव्यास २०२० पासून वाहनवाहू बोट सुरू झाली व २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. अंतर घटले तसे वाड्यांचे मोल वाढले. या प्रवाहाचे दोन परिणाम दिसतात. काही जुनी घरे ऐपतदार मालकांच्या हाती जाऊन चांगल्या रीतीने दुरुस्त झाली. त्याच वेळी अनेक वाड्या मोडून भूखंड पडले, रहाटाच्या विहिरी बुजल्या, आणि वर्षातून थोडे दिवस उघडणारी बंद घरे वाढली. सासवणे येथील शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घराचे त्यांच्या शिल्पांच्या संग्रहालयात झालेले रूपांतर हे निवासाकडून सार्वजनिक उपयोगाकडे गेलेले, म्हणजे उलट्या दिशेचे, उदाहरण होय.

अलिबाग परिसरातील गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहता वास्तूच्या मजबुतीपेक्षा तिच्या नित्य वापरावर तिचे टिकणे अवलंबून असते, असे दिसते. किल्ल्यातील वाडे लिलावात गेले, कारण ते कोणाला राहण्यासाठी नको होते. हिराकोट टिकला, कारण त्याचा उपयोग कोणास तरी सुचला. पुनर्योजनाने वास्तू वाचते, परंतु ती कोणासाठी वाचते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. कारागृहाच्या तटाआडची आणि कुलूपबंद फाटकामागची वास्तू गावास सारखीच परकी असते. ज्या घरात स्थानिक कुटुंब नांदते, ज्याचे छपर दर वैशाखात शाकारले जाते व ज्याच्या ओटीवर शेजारी येऊन बसतात, असे जुने घर हे या किनाऱ्यावरील वारशाचे सर्वांत साधे व सर्वांत दुर्लक्षित रूप आहे. त्याच्या दुरुस्तीस अल्प व्याजाचे कर्ज, चुन्याचे व लाकडाचे काम जाणणारे कारागीर आणि हिस्सेदारांचे प्रश्न सोडवणारी सुलभ व्यवस्था यांची गरज आहे. या तीन गोष्टी उपलब्ध न झाल्यास १८४२ चा लिलाव निराळ्या स्वरूपात, एकेका घरापुरता, चालूच राहील.